वीज टिपणारं घरगुती स्टेशन: लूप ॲन्टेना कुठे आणि कशी बसवावी? (सत्तरी, गोवा)

कुळागरवाला | ९ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आधीच एक ठरवून घेऊ. या धाग्यात वीज म्हणजे आभाळातली. तारेतून येते तिला लाईट म्हणूया, नाहीतर दुसऱ्याच पोस्टला गोंधळ होईल.

आमचं घर वाळपईच्या थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मागे कुळागर: पोफळी, माड, मिरवेली, थोडी केळी. ऐन जुलैत इथे धो धो पाऊस पडतो, पण विजा कमी. खरी धास्ती पावसाळ्याच्या दोन टोकांची. एप्रिल-मेमधला वळीव आणि नंतरचा हस्त-चित्राचा पाऊस. दुपार कलली की घाटमाथ्यावर ढग चढतात आणि दिवेलागणीपर्यंत आमच्या डोक्यावर उतरतात. दोन वर्षांमागे ऑक्टोबरात बांधावरच्या माडावर वीज पडली. शेंडा करपला, खोड वरून खाली चिरलं. आमचा पाडेली (नारळ पाडणारा) दहाच मिनिटांपूर्वी शेजारच्या माडावरून उतरला होता. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

तेव्हापासून वाचत गेलो. ब्लिट्झओर्टुंग नावाचं हौशी लोकांचं जाळं आहे. जर्मनीतल्या ड्युसेलडोर्फच्या हाइन्रिश हाइने विद्यापीठातले प्राध्यापक एगोन वांके यांनी उभं केलेलं. जगभरचे लोक आपापल्या घरी रिसीव्हर लावतात, प्रत्येक रिसीव्हर विजेची रेडिओ लहर कधी पोचली ती वेळ सर्व्हरला कळवतो आणि वेळांच्या फरकावरून वीज कुठे पडली ते निघतं. एका ओळखीच्या माणसाकडून मला कंट्रोलर बोर्ड, जीपीएस आणि प्रीॲम्प (ॲन्टेनाचा बारीक सिग्नल मोठा करणारा) मिळाला आहे. ॲन्टेना मात्र स्वतः करायची आहे.

प्रश्न तीन. फेराइट रॉड (चुंबकीय पदार्थाच्या कांडीवर वायर गुंडाळलेली ॲन्टेना) घ्यावेत की मोठे लूप करावेत? बसवायचे कुठे, अंगणात की माळ्यावर? आणि गोव्यातल्या दमट हवेत हे टिकेल का? ऑक्टोबरच्या आधी चालू व्हावं अशी फार इच्छा आहे.

---

शॉर्टवेव्ह_फोंडा | १० ऑगस्ट, सकाळी ७.१५

कुळागरवाले, चांगलं काम हाती घेतलंत. मी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, आता घरीच असतो. जमेल तेवढं सांगतो.

लूप करा. फेराइट रॉड लहान, सुटसुटीत आणि शहरातल्या फ्लॅटला बरा. पण त्याच्यावर हजारो वेढे घातले की त्याचा स्वतःचा सूर, म्हणजे तो आपोआप वाजतो ती वारंवारता, आपल्या वापरायच्या पट्ट्यात येऊन बसतो. मग एक वीज आली की घंटेवर टोला पडल्यासारखा तो वाजत राहतो आणि लहरीचा खरा आकार दिसत नाही. तो दाबायला योग्य किमतीचा रेझिस्टर जोडावा लागतो. तुमच्याकडे जागा आहे, मग मोठ्या लूपची सोपी वाट का सोडायची?

लूप म्हणजे काय, तर चौकटीवर गुंडाळलेली वायर. वीज पडते तेव्हा त्या प्रचंड प्रवाहातून रेडिओ लहर निघते. तिचा सगळ्यात जास्त जोर ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असतो. त्या लहरीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र लूपमधून जातं तेव्हा वायरीत व्होल्टेज तयार होतं. किती, ते वेढ्यांची संख्या गुणिले क्षेत्रफळ यावर ठरतं.

हिशेब करून बघा. एक मीटर बाजूचा चौकोन, आठ वेढे, म्हणजे ८ चौरस मीटर. १०० किलोमीटरवर पडलेल्या सर्वसाधारण विजेचं विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे ६ व्होल्ट. त्याला प्रकाशाच्या वेगाने भागलं की चुंबकीय क्षेत्र २० नॅनोटेस्ला येतं. १० किलोहर्ट्झला तुमच्या लूपमध्ये १० मिलिव्होल्टच्या घरात व्होल्टेज मिळेल. रेडिओवाल्यासाठी हा भरपूर मोठा सिग्नल आहे. तेव्हा ॲन्टेना आणखी मोठी करायच्या मागे लागू नका. तुमची लढाई सिग्नल कमी असण्याशी नाही, घरातल्या गोंगाटाशी आहे.

एका लूपला आठ वेढ्यांची ३२ मीटर वायर लागेल. दोन लूप, म्हणजे ६४. बाजारात ९० मीटरचं बंडल मिळतं, त्यातली एक स्क्वेअर एमएमची साधी हाउस वायर पुरे.

---

मांडवीकाठ | १० ऑगस्ट, दुपारी १.०५

काकांनी लूपचं सांगितलं, मी बसवायच्या दिशेचं सांगते. मी पणजीत साउंड कार्डवर हा पट्टा ऐकते. नोंदणीकृत स्टेशन माझं नाही, फ्लॅटमध्ये गोंगाट फार.

लूपला आपल्या चौकटीच्या प्रतलाच्या (कडेच्या) दिशेने येणारी लहर सगळ्यात चांगली ऐकू येते, आणि तोंडासमोरून, म्हणजे काटकोनातून येणारी ऐकूच येत नाही. म्हणून दोन लूप लागतात, एकमेकांना काटकोनात. एक उत्तर-दक्षिण, दुसरा पूर्व-पश्चिम. तुमच्या पूर्वेला घाट आहे, म्हणजे तिथल्या विजा पूर्व-पश्चिम लूपमध्ये जोरात दिसतील. पण त्या दोघांवरून पूर्व की पश्चिम हे कळत नाही, १८० अंशांची शंका राहतेच. अर्थात या जाळ्यात जागा दिशेवरून ठरत नाही, वेळेवरून ठरते, म्हणून अडत नाही.

बसवा माळ्यावर. चुंबकीय लहरीला कौलं, चिरे, लाकडाचे वासे अडवत नाहीत. पावसात भिजायचा प्रश्नच मिटला. फक्त वर पत्रे नकोत. गच्चीवर पत्र्याचा मांडव घालतात ना, त्याच्या लगत लूप ठेवला तर पत्र्यात उलटे प्रवाह फिरतात आणि दिशा, जोर दोन्ही बिघडतात. कौलारू घर तुमच्या पथ्यावर पडलं आहे.

दिशा होकायंत्राने लावा. गोव्यात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एखाद्या अंशाचाच फरक आहे.

---

नवशिकी_मडगाव | १० ऑगस्ट, रात्री ८.३०

मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. एएस३९३५ नावाची एक छोटी चिप मिळते, ती एकटीच ४० किलोमीटरपर्यंतची वीज ओळखते आणि अंतरही सांगते असं वाचलं. मग एवढा खटाटोप कशाला?

---

शॉर्टवेव्ह_फोंडा | १० ऑगस्ट, रात्री ९.१०

ती चिप मी वापरली आहे, बाळ. ती ५०० किलोहर्ट्झवर ऐकते आणि आलेल्या लहरीचा जोर बघून अंतराचा अंदाज बांधते. पण जवळची अशक्त वीज आणि लांबची जोरदार वीज तिला सारखीच वाटते. दिशा तर ती सांगतच नाही. शेजारी मोटर सुरू झाली तरी फसते. शिकायला उत्तम आहे, जरूर कर. पण दादांना हवं आहे ते वेगळं. ढग कुठून कुठे सरकतो आहे हे त्यांना नकाशावर बघायचं आहे, आणि ते एका ठिकाणी बसून कोणत्याच यंत्राला नीट जमत नाही.

---

दर्यावर्दी | ११ ऑगस्ट, सकाळी ६.५०

वास्कोहून. जहाजांवर इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलं, त्यामुळे वेळ आणि जागा यांचं नातं रोजचं होतं. नवशिकीसाठी थोडं उलगडून सांगतो.

रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जाते. आपला गोवा पूर्व-पश्चिम साठेक किलोमीटर, म्हणजे तो पार करायला तिला २०० मायक्रोसेकंद लागतात. डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी. आता दोन स्टेशनांना एकाच विजेची लहर १०० मायक्रोसेकंदांच्या फरकाने मिळाली, तर वीज एका स्टेशनाला दुसऱ्यापेक्षा ३० किलोमीटर जवळ. असे बिंदू नकाशावर जोडले की एक वक्र रेषा मिळते. तिसरं स्टेशन आलं की आणखी वक्र रेषा मिळतात, आणि त्या एकमेकींना छेदतात तिथे वीज. चौथं, पाचवं, सहावं आलं की चुका गाळता येतात.

यात घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकलं तरी ३०० मीटरची चूक. म्हणून जीपीएस लागतो. त्याचा दर सेकंदाचा ठोका मायक्रोसेकंदाच्या काही शतांशांइतका अचूक असतो. जीपीएसची ॲन्टेना आभाळ दिसेल अशा जागी ठेवा. माडांच्या झावळ्यांखाली, त्यातून ओल्या, तर उपग्रह कमी दिसतील.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या पश्चिमेला अरबी समुद्र. तिकडे कोणाचंही घर नाही, म्हणजे स्टेशनही नाही. जाळ्याच्या आत पडलेली वीज नेमकी सापडते, जाळ्याच्या बाहेर पडलेली पसरट सापडते, कारण वक्र रेषा तिरक्या छेदतात. गोवा बरोबर त्या काठावर बसला आहे. इथलं प्रत्येक चांगलं स्टेशन जाळं थोडं पश्चिमेला ओढतं. कुळागरवाले, तुम्ही हे फक्त तुमच्या माडांसाठी करत नाही आहात.

---

कुळागरवाला | २३ ऑगस्ट, रात्री १०.२०

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक पोस्ट दोनदा वाचली. दोन्ही लूप तयार करून माळ्यावर टांगले, पण अडलो आहे.

चौकट घट्ट राहावी म्हणून ॲल्युमिनियमचे चॅनल घेतले, चार कोपरे रिव्हेट मारून पक्के केले आणि त्यावर आठ वेढे. बोर्ड चालू आहे, जीपीएस लागला आहे, पण सिग्नल जवळजवळ नाहीच. आज संध्याकाळी बेळगावच्या बाजूला डोळ्यांना वीज लवताना दिसत होती आणि स्क्रीनवर रेघ सपाट. जोडण्या चार वेळा तपासल्या.

---

शॉर्टवेव्ह_फोंडा | २३ ऑगस्ट, रात्री १०.३५

चौकटच दोषी. चारही कोपरे जोडलेला ॲल्युमिनियमचा चौकोन हा स्वतःच एका वेढ्याचा शॉर्ट केलेला लूप आहे. विजेची लहर आली की प्रवाह त्याच्यात फिरतो आणि आतलं क्षेत्र मारून टाकतो. तुमच्या वेढ्यांना उरतं ते उष्टं.

पीव्हीसी पाइप घ्या, पाऊण इंचाचा, नळाच्या दुकानात मिळतो तो. नाहीतर बांबू. ॲल्युमिनियमच ठेवायचं असेल तर एक कोपरा कापून मध्ये लाकडाचा तुकडा घाला, की वर्तुळ तुटलं. लूपवर ढाल म्हणून जाळी किंवा कोॲक्स वापरणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवायचं: ढालीला एका जागी फट हवीच, नाहीतर ढालच लूप गिळते.

---

कुळागरवाला | २५ ऑगस्ट, रात्री ८.००

काका, एक कोपरा करवतीने कापला आणि फणसाच्या लाकडाचा ठोकळा घातला. त्याच क्षणी स्क्रीन जिवंत झाली. मी आईला हाक मारून वर बोलावलं, तीही शिडी चढून आली. तिला आकृतीतलं काही कळलं नाही, पण मी इतका आनंदलेला बघून ती बराच वेळ तिथेच बसली.

---

मांडवीकाठ | २५ ऑगस्ट, रात्री ९.२५

वा! आता एक चाचणी करा, विजेची वाट न बघता.

तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आपल्या नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन आहे. तिथून पाणबुड्यांसाठी १८.२ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण होतं. तुमच्यापासून ते ९०० किलोमीटरच्या आत, इथे खणखणीत येतं. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, प्रीॲम्पचं आउटपुट साउंड कार्डला द्या, सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ आणि स्पेक्ट्रम लॅबसारखं सॉफ्टवेअर लावा. १८.२ वर एक ठळक उभी रेघ दिसेल. ऑस्ट्रेलियाचं १९.८ चं केंद्रही बहुतेक दिसेल.

आता गंमत बघा. कट्टबोम्मन तुमच्या दक्षिण-आग्नेयेला आहे, दक्षिणेपासून पूर्वेकडे साधारण २६ अंश. म्हणजे उत्तर-दक्षिण लूपमध्ये ती रेघ पूर्व-पश्चिम लूपच्या साधारण दुप्पट जोराची दिसायला हवी. तशी दिसली तर दोन्ही लूपची दिशा आणि वेढे बरोबर. नाही दिसली तर काहीतरी फिरलं आहे.

आणि रात्री हेडफोन लावून ऐकाच. दिवसा विजांचा आवाज तव्यावर मोहरी तडतडावी तसा येतो. रात्री त्यातले काही ठोके लांबतात, टिंग टिंग असे एखाद्या पाखरासारखे वाजतात. त्यांना ट्वीक म्हणतात. जमीन आणि वरचा आयनांबर (वातावरणातला विद्युतभारित थर) यांच्या पोकळीत लहर वर-खाली आपटत जाते, म्हणून १.७ किलोहर्ट्झच्या जवळ तिचा सूर लांबतो. प्रकाशाचा वेग भागिले ३.४ किलोहर्ट्झ केलं की ८८ किलोमीटर येतात. एवढ्या उंचीवर रात्री ते छत असतं. दिवसा ते ७० किलोमीटरच्या आसपास उतरतं आणि लहरीला जास्त शोषून घेतं. आपल्या घराच्या माळ्यावर बसून आयनांबराची उंची मोजता येते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

---

कुळागरवाला | ३ सप्टेंबर, रात्री ११.१०

ताई, रेघ दिसली. उत्तर-दक्षिणेत १.९ पट. तुमचा अंदाज अगदी जवळ.

पण आता नवीन दुखणं. दिवसभर स्टेशन छान चालतं. अंधार पडला की सिग्नलचा पूर येतो. सर्व्हर माझं स्टेशन गोंगाटात टाकतो आणि पाठवलेलं काही घेत नाही. पहाटे उजाडलं की पुन्हा सगळं शांत. मला संध्याकाळच तर हवी आहे!

---

सावंतवाडीचा | ४ सप्टेंबर, सकाळी ८.१५

अंधार पडल्यावर म्हणजे एलईडी बल्ब. आमच्याकडे हेच झालं होतं. स्वस्त बल्ब, मोबाइलचे चार्जर, टीव्ही, पंख्याचे रेग्युलेटर, सगळ्यांत आत जलद चालू-बंद होणारं सर्किट असतं आणि ते याच पट्ट्यात ओरडतं. तुमच्या बोर्डाचा स्वतःचा अडॅप्टरही बघा. इन्व्हर्टर असेल तर तोही.

शोधायची रीत सांगतो. स्टेशन बॅटरीवर घ्या, घराचा मेन स्विच पाडा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यासरशी गोंगाट वाढेल ती खोली. खोलीत मग ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन फिरा, मिडियम वेव्हच्या खालच्या टोकाला, जिथे केंद्र लागत नाही तिथे. ज्या वस्तूपाशी खरखर वाढेल ती वस्तू.

---

शॉर्टवेव्ह_फोंडा | ४ सप्टेंबर, सकाळी ९.००

बरोबर. आणि बोर्डाला लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा जुना, जड अडॅप्टर आणि पुढे लिनियर रेग्युलेटर लावा. हल्लीचे हलके अडॅप्टर दूर ठेवा. प्रीॲम्प लूपपाशीच असू द्या आणि तिथून बोर्डापर्यंत फॉइलची नेटवर्क केबल घ्या.

---

कुळागरवाला | ६ सप्टेंबर, रात्री ९.५५

सगळं केलं. अडॅप्टर बदलला, दोन बल्ब आणि माझ्याच फोनचा चार्जर गुन्हेगार निघाले, काढले. तळाचा गोंगाट अर्ध्यावर आला. पण रात्रीचा पूर तसाच. आज तर अख्ख्या घराचा मेन पाडून, समई लावून, स्टेशन बॅटरीवर ठेवून बसलो. तरी पूर आहेच. म्हणजे तो घरातून येत नाही. वाड्यावर शेजारचं घर दीडशे मीटर लांब, तिथे जाऊन त्यांचाही मेन पाच मिनिटं पाडायला लावला. बिचाऱ्यांनी पाडला. फरक शून्य.

---

दर्यावर्दी | ७ सप्टेंबर, सकाळी ७.३०

एक गोष्ट करून बघा. सिग्नल किती येतात ते बघू नका, लागोपाठच्या दोन सिग्नलांमध्ये किती वेळ जातो ते बघा. शंभर सिग्नलांच्या वेळा घेऊन एकमेकांतून वजा करा. वीज कधी ठरावीक अंतराने पडत नाही. माणसाने केलेली वस्तू मात्र ठरावीक अंतराने बोलते.

---

कुळागरवाला | ७ सप्टेंबर, रात्री १०.४५

दर्यावर्दी, तुम्हाला दंडवत.

१.२ सेकंद. १.२ सेकंद. १.२ सेकंद. शंभरातले ऐंशीहून जास्त.

आकडा बघितला आणि खिडकीतून बाहेर तोच ठोका कानांनी ऐकू आला. टक्… टक्… टक्. झटका मशीन! कुळागराभोवती आमचं सौर कुंपण आहे, गवेरेडे आणि रानडुकरांसाठी. अंधार पडला की आम्ही ते चालू करतो आणि उजाडल्यावर बंद. सौर पॅनल, वेगळी बॅटरी. घराच्या मेनशी त्याचा संबंधच नाही, म्हणून मेन पाडून काही होत नव्हतं. इतकी वर्षं तो टक् टक् आवाज रोज ऐकतो आहे, त्यामुळे कानाला तो ऐकूच येईनासा झाला होता.

---

शॉर्टवेव्ह_फोंडा | ८ सप्टेंबर, सकाळी ६.४०

हे चांगलं सापडलं. झटका मशीन म्हणजे कपॅसिटर भरून एकदम तारेत रिकामा करायचा. हजारो व्होल्ट, क्षणभर. लहान विजेचंच ते रूप, म्हणून तुमच्या बोर्डाला ती वीज वाटते. आणि कुंपणाची शेकडो मीटरची तार ही त्याची ॲन्टेना.

बंद तर तुम्ही करू शकणार नाही, एका रात्रीत गवे केळी साफ करतील. मग असं करा. संध्याकाळी अंधारात कुंपणाच्या कडेने चाला, ठिणगी दिसते किंवा चटचट ऐकू येते ती जागा खूण करा. पावसात वेली आणि गवत तारेवर चढतं, इन्सुलेटर तडकतात, तिथे ठिणगी उडते, आणि ठिणगीचा गोंगाट मशीनच्या ठोक्याहून वाईट. वेली काढायच्या त्या दिवसा, मशीन बंद करूनच. मशीनचं अर्थिंगही तपासा.

मग लूप कुंपणापासून लांब न्या. जवळच्या उगमाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, लांबच्या विजेला तुमचे पन्नास मीटर इकडे-तिकडे काहीच नाहीत.

---

नवशिकी_मडगाव | ८ सप्टेंबर, संध्याकाळी ५.२०

पण १.२ सेकंदांचे सिग्नल सॉफ्टवेअरनेच गाळता येणार नाहीत का? आणि तसंही कुंपणाचा ठोका दुसऱ्या कुठल्या स्टेशनाला ऐकू जाणार नाही, मग सर्व्हर तो टाकूनच देईल ना?

---

मांडवीकाठ | ८ सप्टेंबर, रात्री ८.४५

टाकून देईल, अगदी बरोबर विचार केलास. चुकीची वीज नकाशावर उमटणार नाही. अडचण वेगळी आहे. स्टेशन सतत खोटे सिग्नल पाठवत राहिलं की सर्व्हर त्याला काही वेळ बाजूला बसवतो, आणि त्या वेळात आलेली खरी वीजही जाते. किती जोराचा सिग्नल पाठवायचा तो उंबरठा वाढवला तर खोटे थांबतात, पण लांबच्या विजाही थांबतात. म्हणून गोंगाट उगमापाशी मारणं हेच खरं, गाळणी नंतर.

---

कुळागरवाला | १२ सप्टेंबर, रात्री ९.३०

चार दिवसांचा हिशेब. कुंपणावर अकरा जागी वेली चढल्या होत्या, तीन इन्सुलेटर तडकलेले. मुलगा आणि मी दोघांनी मिळून साफ केलं. अर्थिंगचा रॉड गंजून पार बारीक झाला होता, नवा ठोकला. आता कुंपणाचा झटकाही आधीपेक्षा चांगला बसतो, हे न मागता पदरात पडलं.

लूप माळ्यावरून काढून घराच्या पुढच्या अंगाला, जुन्या गोठ्यात नेले. तिथे गुरं नाहीत आता, कौलं शाबूत आहेत, कुंपण साठ मीटर लांब. रात्रीचे खोटे सिग्नल दहातला एक उरले.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली आहे. गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीभोवती आणि मखराला यंदा लाईटच्या माळा घालायच्या की नाही यावर घरात बोलणं झालं. मुलांचा हिरमोड नको, म्हणून चवथीचे दिवस स्टेशनने थोडं कमी ऐकलं तरी चालेल असं ठरवलं.

---

सावंतवाडीचा | १३ सप्टेंबर, सकाळी १०.१०

गोठ्यात नेलंत तर दमटपणाचं आताच बघा. माझा पहिला प्रीॲम्प एका पावसाळ्यात हिरवा पडला. प्लास्टिकचा डबा रबरी गॅस्केटवाला घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि केबल खालून आत न्या, वरून नको. केबलला डब्याआधी खाली एक झोळ द्या म्हणजे थेंब तिथून टपकतो. भोकं सिलिकॉनने बुजवा, मुंग्या आणि पाली आत घर करतात. उंदरांचा सुळसुळाट असेल तर केबल पाइपातून.

आणि गोठा ते घर ही लांब केबल वादळात स्वतःच धोका आहे. जवळ वीज पडली तर तिच्यात उसळी येईल आणि बोर्डासकट राउटर जाईल. सर्ज प्रोटेक्टर लावा, घराचं आणि त्याचं अर्थिंग एकच ठेवा.

---

मांडवीकाठ | १३ सप्टेंबर, दुपारी १२.३०

यात एक माझ्याकडून, कळकळीने. वादळ डोक्यावर असताना स्टेशनपाशी काही काढायला-घालायला जाऊ नका. गेलं तर जाऊ दे.

आणि हे जाळं जीव वाचवायच्या सूचनेसाठी बनवलेलं नाही, ते चालवणारे स्वतःच तसं सांगतात. माणसं कामाला असतील तेव्हा पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप फोनवर ठेवा, ते २० आणि ४० किलोमीटरच्या आतल्या विजांची सूचना देतं. त्याहीपेक्षा साधं, वीज दिसल्यापासून गडगडाट यायला तीस सेकंदांहून कमी लागले तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. माडावरून उतरायचं, पक्क्या घरात यायचं आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. माडाखाली, पोफळीखाली थांबायचं तर नाहीच.

---

कुळागरवाला | ११ ऑक्टोबर, रात्री ११.३०

आज लिहायलाच हवं.

दुपारी तीनच्या सुमाराला नकाशावर खानापूरच्या बाजूला पहिले ठिपके आले. माझ्या स्टेशनाचा भाग त्यात होता, कारण नीट जुळलेले सिग्नल यादीत दिसतात. पूर्व-पश्चिम लूपच्या लहरी उंच, उत्तर-दक्षिणेच्या बारीक, ताईंनी सांगितलं होतं तसंच. साडेतीनला ठिपके घाटमाथ्याच्या अलीकडे सरकले. इथे तेव्हा लख्ख ऊन होतं. कुळागरात पाडेली आणि दोघे कामाला होते.

मी खाली गेलो आणि सांगितलं, आज पुरे, घरी चला. पाडेलीने आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दोन माड राहिले होते. तो काही न बोलता उतरला. आम्ही सगळे बलकांवात (पुढच्या ओसरीवर) चहा घेत बसलो. सव्वाचारला घाटाकडून पहिला गडगडाट आला, वीज आणि आवाजात सत्तावीस सेकंद. पावणेपाचला डोक्यावर. लाईट गेली, स्टेशन बॅटरीवर चालू राहिलं. सहाला सगळं समुद्राकडे उतरलं.

आज कुठल्या माडावर वीज पडली नाही. दोन माडांचे नारळ उद्या काढतील.

दर्यावर्दी, समुद्राकडे गेल्यावर ठिपके खरोखर विरळ आणि विस्कटलेले दिसायला लागले. तुम्ही म्हणालात ते डोळ्यांनी बघितलं. वास्कोत एखादं स्टेशन हवंच.

---

दर्यावर्दी | १२ ऑक्टोबर, सकाळी ७.००

पोस्ट वाचून भरून आलं. माझी गच्ची सिमेंटची आहे, पत्रे नाहीत, आणि आभाळ मोकळं. बोर्ड मिळवायच्या मागे लागतो. बंदराचा गोंगाट किती येतो ते आधी साउंड कार्डवर बघून इथे कळवतो.

---

नवशिकी_मडगाव | १२ ऑक्टोबर, रात्री ९.१५

मीसुद्धा या सुट्टीत लूप करते आहे, पीव्हीसीवर. दर्यावर्दी काका, तुम्हालाही दोन करून देऊ का? ९० मीटरच्या बंडलात एक संच झाला की २६ मीटर उरतात, म्हणजे तीन बंडलांत चार संच होतील का असा हिशेब करत होते. चारांना २५६ मीटर लागतात, २७० आहेत.

---

शॉर्टवेव्ह_फोंडा | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

होतील, चौथ्या संचाला उरलेले तुकडे जोडून. पण दर लूपला प्रीॲम्पपर्यंत यायला वायर लागते, आठ लूपांना उरलेली १४ मीटर तोकडी पडू नये. प्रीॲम्प चौकटीवरच बांधला तर पुरेल. आणि माझ्याकडे जड ट्रान्सफॉर्मरचे तीन अडॅप्टर पडून आहेत, १२ व्होल्टचे, तपासलेले. रविवारी सकाळी कोणी फोंड्याला येत असेल तर घेऊन जा.